आकाशपाळणा कुठल्या जत्रेतला?

यंदाच्या चित्रकला प्रदर्शनात नववीतल्या एका विद्यार्थ्याचे चित्र अनेकांच्या लक्षात राहिले. एक मोकळा चौक, फरशीच्या फटींतून उगवलेले गवत, मागे राखाडी इमारती आणि मधोमध पिवळ्या पाळण्यांचा एक भला मोठा आकाशपाळणा. माणूस मात्र एकही नाही. चित्रकलेच्या बाईंनी कौतुकाने विचारले, "अरे, हा कुठल्या जत्रेतला पाळणा?"

"जत्रेतला नाही बाई, गेममधला आहे."

"मग तिथे माणसं का नाहीत?"

"माहीत नाही. तिथे कुणी नसतंच."

शेजारी उभे असलेले इतिहासाचे सर मात्र थबकले. तो पाळणा त्यांनी छायाचित्रांत पाहिला होता. युक्रेनमधील प्रिप्यात नावाच्या शहरातला तो खराखुरा पाळणा आहे. तिथे माणसे का नाहीत, यालाही खरे कारण आहे. मुलाने त्या चौकात, त्याच्याच हिशोबाने, चाळीस-पन्नास संध्याकाळी घालवल्या होत्या. गवताचे पातेदेखील त्याने बरोबर टिपले होते. फक्त ते गाव खरे आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

पुढच्या पालकसभेत हा विषय निघालाच. एक पालक म्हणाले, "सर, हे गोळीबाराचे खेळ बंदच करायला हवेत." दुसऱ्या म्हणाल्या, "घरात बंद केले तर मित्राकडे जाऊन खेळतील." तेव्हा एका विश्वस्तांनी साधा प्रश्न विचारला, "पण मुलं त्यात नेमकं बघतात काय, हे आपल्यापैकी कुणी बसून बघितलंय का?" सभेत शांतता पसरली. आमचाही या खेळांशी संबंध "बंद कर आणि जेवायला ये" एवढ्यापुरताच होता. म्हणून संपादक मंडळाने शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांना बोलावले आणि दोन रविवार त्यांच्या शेजारी बसून जुने-नवे खेळ पाहिले, प्रश्न विचारले, नंतर वाचनही केले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पडद्यावर सर्वांत जास्त काय दिसते?

या प्रकारच्या खेळांना 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. व्याकरणाच्या तासाला आपण प्रथम पुरुष शिकतो: मी, आम्ही. तसाच हा प्रथमपुरुषी खेळ. यात नायक पडद्यावर दिसत नाही, कारण पडदा म्हणजेच नायकाचे डोळे. खाली त्याचा हात आणि हातातले शस्त्र दिसते. माउस हलवला की मान वळते, कीबोर्डवरचे बटण दाबले की पाऊल पुढे पडते.

याचा एक परिणाम आमच्या पहिल्याच रविवारी लक्षात आला. नायकाचा चेहराच दिसत नसल्यामुळे पडद्याचा मोठा भाग व्यापते ती जागा: भिंती, जिने, आकाश, दारे, अंधारे कोपरे. गोळीबार होतो तेव्हा होतो, पण बाकीच्या वेळात खेळणारा चालतो, थांबतो, कान देतो, वाट शोधतो. नाटकात पात्राचा चेहरा पाहून आपल्याला कळते की आता घाबरायचे आहे. इथे चेहरा नाही. म्हणून भीती, उत्सुकता, एकटेपणा हे सगळे जागेलाच सांगावे लागते. यालाच त्या खेळाचे वातावरण म्हणतात.

वातावरण म्हणजे केवळ देखावा नव्हे, हे आपल्या गावातच पाहता येते. सराफा बाजारात दिवसा जा. सोन्या-चांदीची दुकाने, वजनकाटे, हळू आवाजातली घासाघीस. त्याच ठिकाणी रात्री दहाला जा. दुकानांची शटर खाली, समोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, धूर, गर्दी आणि आरडाओरड. इमारती त्याच आहेत. उजेड बदलला, आवाज बदलला, माणसे बदलली, की जागा वेगळीच झाली. खेळ बनवणारे लोक हेच करतात. फक्त त्यांना भिंतीपासून सुरुवात करावी लागते.

पहिले साधन: उजेड

१९९२ साली अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीचा 'वुल्फेनस्टाइन ३डी' हा खेळ आला. त्यात सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, कोपरे काटकोनातले आणि सगळीकडे सारखाच उजेड. वहीच्या चौकटींवर आखलेला भूलभुलैयाच म्हणा ना.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९३ मध्ये, त्याच कंपनीचा 'डूम' आला आणि चित्र पालटले. त्याची मूळ संगणकीय रचना जॉन कारमॅक यांची. तेव्हाच्या संगणकांची ताकद आजच्या साध्या मोबाइलच्याही पासंगाला पुरणार नाही. एका खोलीवर दुसरी खोली रचणेही त्या रचनेत शक्य नव्हते. पण दोन गोष्टी शक्य झाल्या. जमीन आणि छत कमीजास्त उंचीचे करता आले आणि जागेच्या प्रत्येक भागाला उजेडाचा स्वतंत्र आकडा देता आला: ० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे लख्ख प्रकाश. शिवाय लांबच्या गोष्टी आपोआप अंधुक होत. काही खोल्यांत दिवा बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा लुकलुके.

एवढ्याशा सोयीने केवढा फरक पडला! सारख्या उजेडात खेळणारा फक्त वाट शोधतो. लुकलुकत्या दिव्याखाली तो थांबतो, कारण दिवा विझल्यावर समोर काय असेल हे त्याला माहीत नसते. भीती राक्षसाच्या चित्रातून जेवढी येते, त्याहून जास्त न दिसणाऱ्या कोपऱ्यातून येते. रात्री वीज गेल्यावर आपल्याच घरातला जिना परका वाटतो, तसे.

१९९६ च्या 'क्वेक'मध्ये आणखी एक पायरी चढली गेली. त्यात जागा खऱ्या अर्थाने त्रिमित झाली आणि दिव्याचा उजेड भिंतीवर कसा पडेल, सावली कुठे येईल, याचे गणित खेळ तयार करतानाच करून ठेवले गेले. गणित आधी झालेले असल्याने खेळताना संगणकावर त्याचा भार पडत नसे. भूमिती आणि प्रकाशाचे धडे कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरे साधन: आवाज

आमच्या माजी विद्यार्थ्याने एक प्रयोग करून दाखवला. त्याने खेळाचा आवाज पूर्ण बंद केला आणि तोच अंधारा बोळ पुन्हा पार केला. दोन मिनिटांपूर्वी ज्या जागी आमच्यापैकी एकजण खुर्चीत दचकले होते, तीच जागा आता रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी वाटली.

डोळ्यांना समोरचेच दिसते, कानांना मात्र चारही बाजूंचे कळते. 'डूम'मध्ये आवाज उजवीकडून येतो की डावीकडून, जवळून की लांबून, हे समजत असे. त्यामुळे गुरगुर आधी कानावर येई आणि प्राणी नंतर दिसे. उलट बाजूनेही तेच. खेळणाऱ्याने गोळी झाडली की तिचा आवाज शेजारच्या खोल्यांपर्यंत पोहोचे आणि तिथले शत्रू जागे होत. 'क्वेक'साठी ट्रेंट रेझनर या संगीतकाराने जे संगीत दिले, त्यातल्या बऱ्याच भागात गुणगुणता येईल अशी चालच नाही. घरघर, कुजबुज, लांबवर काहीतरी घासल्याचा आवाज, एवढेच. ते गाणे म्हणून ऐकण्यासाठी नसून त्या जागेची हवा म्हणून आहे.

तिसरे साधन: तीच जागा, दुसऱ्यांदा

नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीचा 'हाफ-लाइफ' प्रसिद्ध झाला. तो सुरू केला आणि आम्ही थोडे गोंधळलोच. गोळीबाराचा खेळ म्हणावा तर पहिली काही मिनिटे हातात शस्त्रच नाही. आपण गॉर्डन फ्रीमन नावाचे शास्त्रज्ञ असतो आणि ट्रॉलीत बसून कामावर निघालेले असतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात जमिनीखाली असलेली ब्लॅक मेसा ही काल्पनिक प्रयोगशाळा खिडकीतून सरकत जाते. यंत्रे, कामगार, बंद दारे आणि ध्वनिक्षेपकावरून येणाऱ्या नेहमीच्या सूचना. मग सहकारी भेटतात, कुणी उशीर झाल्याबद्दल टोकते, कुणी नुसतीच मान हलवते. सगळे कसे रोजच्यासारखे.

नंतर प्रयोग फसतो आणि मोठा अपघात होतो. खेळणाऱ्याला आता त्याच मार्गिकांतून परत फिरावे लागते. पण दिवे फुटलेले, छत कोसळलेले, मघाशी बोलणारी माणसे जमिनीवर. कुणी भाषण देऊन सांगत नाही की केवढा अनर्थ झाला. मघाची जागा डोक्यात ताजी असते, म्हणून फरक आपला आपल्यालाच दिसतो. सुरुवातीचा तो कंटाळवाणा प्रवास कशासाठी होता, हे तेव्हा उमजते. आधी घर दाखवावे, मग पडझड. घर पाहिलेच नसेल तर पडझडीचे दुःख होत नाही.

याच खेळाचा दुसरा भाग, 'हाफ-लाइफ २', नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यातले सिटी १७ हे शहर काल्पनिक असले तरी पूर्व युरोपातले वाटते, आणि ते तसे वाटण्यामागे एक माणूस आहे. कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह यांचा जन्म १९७२ साली बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे झाला. २०२५ साली त्यांचे निधन झाले. जुन्या युरोपीय इमारती, त्यांच्या शेजारी साम्यवादी काळातल्या एकसारख्या वसाहती आणि या दोहोंवर चाल करून आलेल्या परक्या शक्तीच्या काळ्या धातूच्या भिंती, असे तीन थर त्या शहरात दिसतात. शहराच्या मधोमध एक अवाढव्य मनोरा आहे. खेळणारा वाट चुकला तर त्याला त्यावरून दिशा कळते आणि सत्ता कुणाची आहे हेही कळते. एका वसाहतीत मुलांचे खेळाचे मैदान आहे, पण झोके रिकामे. त्या कथेत परकीयांनी मानवाचे प्रजननच थांबवलेले असते, म्हणून शहरात मूलच नाही. हे कळायच्या आधी ते मैदान बघताना काहीतरी चुकते आहे असे वाटते. कळल्यावर तिथून पाय निघत नाही.

वातावरण नको असते तेव्हा

प्रत्येक खेळाला असे वातावरण हवे असते असेही नाही. २००० च्या सुमारास आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये 'काउंटर-स्ट्राइक' लोकप्रिय होता. आमचे दोन्ही माजी विद्यार्थी तो तासाच्या भाड्याने खेळत, हे त्यांनी आता इतक्या वर्षांनी कबूल केले. त्यातला 'डस्ट २' हा नकाशा डेव्ह जॉन्स्टन या इंग्लिश तरुणाने २००१ साली बनवला. वाळूच्या रंगाच्या भिंती, कमानी, लाकडी खोकी, स्वच्छ ऊन.

तिथे लुकलुकते दिवे नाहीत आणि फारसे गूढ काही नाही, कारण तो नकाशा दोन संघांच्या सामन्यासाठी आहे. समोरचा खेळाडू भिंतीपासून वेगळा ओळखू आला पाहिजे, दोन्ही बाजूंना संधी न्याय्य मिळाली पाहिजे. क्रिकेटच्या मैदानात कुणी काळोखे कोपरे ठेवत नाही, त्यातलाच प्रकार. तेव्हा 'मुले गेम खेळतात' असे सरसकट म्हणताना हा फरक लक्षात ठेवावा. काही खेळ मैदान बांधतात, काही खेळ गाव वसवतात. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रातला चौक दुसऱ्या प्रकारच्या खेळातला होता.

प्रिप्यात

त्या खेळाचे नाव 'स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल'. युक्रेनची राजधानी कीव्ह येथील जीएससी गेम वर्ल्ड या कंपनीने तो २००७ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केला. आता आधी खरी हकीकत सांगतो, मग खेळाकडे वळू.

चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या कामगारांसाठी १९७० साली प्रिप्यात शहर वसवण्यात आले. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघाचा भाग होता. केंद्रापासून शहर जेमतेम ३ किलोमीटर आणि वस्ती सुमारे ४९ हजार. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. तो शनिवार होता. शहराला काहीही सांगण्यात आले नाही. त्या दिवशी प्रिप्यातमधली मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेच्या दुपारी, हजाराहून अधिक बसगाड्यांतून सगळे शहर हलवले गेले. तीन दिवसांपुरते सामान घ्या, असे लोकांना सांगितले होते. ते पुन्हा कधीच राहायला परतले नाहीत. शहरातली नवी बालोद्याने आणि पाळणे १ मे च्या उत्सवाला सुरू व्हायचे होते. चित्रातला पिवळा आकाशपाळणा तोच.

अपघातानंतरच्या काही आठवड्यांत केंद्राचे कामगार आणि आग विझवणारे जवान मिळून सुमारे ३० जण मरण पावले. १९८६ या एका वर्षात आसपासच्या सुमारे १ लाख १५ हजार लोकांना घरे सोडावी लागली. दुधातून पोटात गेलेल्या किरणोत्सारी आयोडिनमुळे पुढच्या वर्षांत तिथल्या मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले.

खेळ बनवणारे तरुण याच देशातले. केंद्रापासून कीव्ह सुमारे १०० किलोमीटरवर आहे. त्यांनी बंदी असलेल्या त्या क्षेत्रात जाऊन छायाचित्रे काढली आणि इमारती, बसथांबे, गंजलेली वाहने खेळात उतरवली. शहरातले हॉटेल, सांस्कृतिक भवन, आकाशपाळणा हे सगळे त्यात ओळखू येते. पण कथा काल्पनिक आहे. २००६ साली तिथे दुसरा स्फोट झाला अशी त्यांची कल्पना. त्यातून विचित्र प्राणी आणि अदृश्य सापळे निर्माण झाले आणि तिथल्या चमत्कारिक वस्तू गोळा करणारे 'स्टॉकर' जीव धोक्यात घालून त्या क्षेत्रात शिरू लागले. हा शब्द आणि मूळ कल्पना अर्काडी व बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंच्या १९७२ च्या 'रोडसाइड पिकनिक' या कादंबरीतली. तिच्यावर आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा १९७९ चा 'स्टॉकर' हा चित्रपट आला. म्हणजे स्टॉकर ही कल्पना अपघाताच्याही आधीची आहे. नकाशाही खरा नाही. लांबची ठिकाणे जवळ आणून, इकडची तिकडे करून बसवली आहेत.

मग यात वातावरण कशाने तयार होते? वर सांगितलेली तिन्ही साधने इथे एकत्र येतात. दिवस मावळतो, रात्र होते, पाऊस पडतो. लांबवर कुत्री भुंकतात. शेकोटीभोवती चार माणसे बसून गिटार वाजवतात आणि त्या उजेडाच्या पलीकडे मिट्ट काळोख. प्रिप्यात शहर खेळाच्या शेवटाकडे येते, तोवर खेळणाऱ्याने त्याच्याविषयी पुष्कळ ऐकलेले असते.

एक अडचण मात्र याच खेळापुढे होती. किरणोत्सार दाखवायचा कसा? त्याला रंग नाही, वास नाही, आवाजही नाही. विज्ञानात याचे उत्तर आधीच होते: गायगर काउंटर. या उपकरणात कमी दाबाच्या वायूने भरलेली एक नळी असते आणि तिच्यात उच्च विद्युतदाब दिलेला असतो. किरणोत्सारी कण नळीतून गेला की वायूचे आयनीभवन होऊन विजेचा क्षणिक झटका उमटतो आणि 'टिक्' असा आवाज येतो. कण जितके जास्त, तितकी टिक टिक दाट. खेळात हिरवेगार गवत दिसते, ऊन पडलेले असते, आणि कानात टिक टिक वाढू लागते. डोळे म्हणतात जा, कान म्हणतात मागे हो. आमच्या मते त्या खेळातली सर्वांत भेदक गोष्ट कुठलाही राक्षस नसून ही टिक टिक आहे.

इतिहासाच्या सरांनी इथे एक गोष्ट सांगितली. खेळणाऱ्याच्या कानात सूचना वाजते, प्रिप्यातच्या लोकांच्या कानात ती वाजली नाही. केंद्रात त्या रात्री हाताशी असलेल्या मोजयंत्रांचे काटे एका मर्यादेपुढे जातच नव्हते आणि शहरातल्या लोकांना दीड दिवस अंधारात ठेवले गेले. खेळातला माणूस मागे वळू शकतो. शनिवारी शाळेत गेलेल्या मुलांना मागे वळायचे आहे हेच माहीत नव्हते.

मग असा खेळ असावा का?

या प्रश्नावर आमच्यातही एकमत झाले नाही. एका सदस्या म्हणाल्या, "लोकांच्या दुःखावर खेळ कसला?" त्यांनी उदाहरण जवळचेच दिले. १९८४ साली, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. इंदूरच्या कितीतरी घरांचे आप्त तेव्हा भोपाळला होते. त्या बंद कारखान्यात कुणी बंदूक घेऊन फिरण्याचा खेळ केला, तर आपल्याला चालेल का?

दुसरे सदस्य म्हणाले, "कोण करतो आणि कसा करतो यावर ते ठरेल." प्रिप्यातच्या बाबतीत निदान एवढे म्हणता येते की खेळ बनवणारे त्याच भूमीतले होते आणि त्यांनी जागा जवळून पाहिली होती. पुढे त्यांच्यावरच संकट आले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि चेर्नोबिल केंद्र काही आठवडे रशियन सैन्याच्या ताब्यात गेले. या कंपनीचा 'स्टॉकर २' हा खेळ तेव्हा तयार होत होता. काही सहकारी प्रागला हलले, काही मागे राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो खेळ प्रसिद्ध झाला. ज्या जागेला ते पडद्यावर आणत होते, तिच्यासाठी त्यांच्या देशाचे लोक लढत होते.

एकमत झाले ते एका गोष्टीवर. खेळातली जागा खरी असेल, तर खेळणाऱ्याला तिचे नाव आणि तिची हकीकत माहीत असली पाहिजे. नाही तर चाळीस संध्याकाळी तिथे काढूनही "तिथे कुणी नसतंच" एवढेच हाती राहते. जागा इतक्या मेहनतीने उभारली आहे की डोळ्यांना ती खरी वाटते. पण तिथे कोण राहत होते, हे डोळ्यांना आपोआप कळत नाही. ते सांगावे लागते. ते काम घराचे आणि शाळेचे.

काय करता येईल?

पालकांसाठी प्रथम एक खुलासा. या लेखात आलेल्या बहुतेक खेळांना अमेरिकेच्या वयोगट-मंडळाने 'एम', म्हणजे १७ वर्षे व त्यापुढील, अशी श्रेणी दिलेली आहे. ती वेष्टनावर किंवा खरेदीच्या पानावर छापलेली असते. नववीतल्या मुलाचे वय त्यात बसत नाही, हे स्पष्टच सांगतो. वातावरण उत्तम आहे म्हणून रक्तपात मुलांना योग्य ठरत नाही. श्रेणी पाहूनच खेळ घरात आणावा, आणि झोप व अभ्यास यांची वेळ ठरलेली असावी.

पण नुसत्या बंदीने प्रश्न संपत नाही, हे पालकसभेतल्या त्या बाईंचे म्हणणेही खरे. म्हणून एक सुचवतो. एकदा अर्धा तास मुलाशेजारी बसा. "किती मारले?" हे विचारू नका. "ही जागा कुठली? इथे आधी कोण राहत असेल? तुला इथे भीती कशामुळे वाटते, उजेडामुळे की आवाजामुळे?" असे विचारा. एक वडील हे करून आले आणि म्हणाले, "सहा महिन्यांत माझा मुलगा माझ्याशी इतका बोलला नव्हता."

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटा प्रयोग. मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या दुपारी शाळेत या. शिपाईकाकांना सांगून पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात दहा मिनिटे उभे राहा. फळ्यावर राहिलेली शेवटची तारीख, उलटी ठेवलेली बाके, पारव्यांची घुमघुम, लांबून येणारा रिक्षाचा आवाज. हीच शाळा जूनमध्ये कशी असते ते आठवा. आता विचार करा की जून आलाच नाही. प्रिप्यातच्या शाळांचे तसे झाले. एवढे समजले की पडद्यावरचा रिकामा वर्ग तुम्हाला निव्वळ देखावा वाटणार नाही.

विश्वस्तांना विनंती अशी की संगणक कक्षात वर्षातून एक तास 'खेळ कसे बनतात' या विषयाला द्यावा. त्यात भूमिती आहे, ध्वनी आणि प्रकाश आहे, चित्रकला, इतिहास, भूगोल आहे. बंदूक न चालवताही हे सगळे शिकवता येते, आणि खेळणारी मुले उद्या बांधणारी होऊ शकतात.

जाता जाता त्या चित्राविषयी. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी इतिहासाच्या सरांनी त्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात बसवून प्रिप्यातची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एकच विचारले, "सर, ती मुलं सोमवारी कुठल्या शाळेत गेली?" सरांनी सांगितले ते असे: वेगवेगळ्या गावांत, जिथे जिथे कुटुंबे पांगली तिथल्या शाळांत, आणि पुढे अनेक कुटुंबांना स्लावुटिच नावाच्या नव्या शहरात घरे मिळाली.

चित्राखाली आधी फक्त नाव आणि इयत्ता होती. दुसऱ्या दिवशी त्याने पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहिली: 'प्रिप्यात, युक्रेन. हा पाळणा १ मे १९८६ रोजी सुरू होणार होता.' चित्र आता ग्रंथालयाच्या दाराशी लावले आहे. येता-जाता जरूर पाहावे. आणि तुम्ही खेळात पाहिलेली एखादी जागा खरी आहे असे आढळले, तर तिची माहिती शोधून एका पानात लिहून आमच्याकडे द्या. पुढच्या अंकात आनंदाने छापू.